वानरांकडे पाठ करून

डोंगरावर जाऊन वानरं बघायची असतील तर त्यांना दात दाखवायचे नाहीत, हे कळायला मला माझा एक अख्खा रविवार वाया घालवावा लागला. मी हसले होते. समोर उंबराच्या फांदीवर काळ्या तोंडाची एक वानरी पिल्लू पोटाशी धरून बसली होती. पिल्लाचे कान इतके पातळ की मागचं ऊन त्यातून गुलाबी दिसत होतं. ते बघून कोणालाही येईल तसं मला हसू आलं, आणि मागून दंडाला असा सणसणीत चिमटा बसला की मी ओरडलेच. टोळी पाचोळा उडवत वर निघून गेली. चिमटा काढणारी आमच्या ऑफिसात झाडलोट करणारी मावशी होती.

"तोंड मीट," ती म्हणाली. "दात दावलंस का त्यांना वाटतं चावाला आली. चला, आजचा झाला."

आणि तिने आम्हा सहाही जणांना, त्यात मुंबईहून आलेले साहेबांचे दोन पाहुणे होते, सरळ खाली आणलं. पाहुण्यांना कॅमेरा पेटीतून बाहेर काढायलाही मिळाला नव्हता. सगळे वाटभर माझ्याकडे असं बघत होते की जणू मीच वानरांना दगड मारला. मला भयंकर राग आला होता, पण तो कोणावर काढावा ते कळत नव्हतं.

ऐंशीचं दशक नुकतंच लागलं होतं. बेलापुरात सरकारी कचेऱ्या एकेक करून येत होत्या आणि त्यातल्या एकीत मी टायपिस्ट होते. या जागेला बेलापूर म्हणायचं की न्यू बॉम्बे, हेही अजून नक्की नव्हतं. पत्ता विचारला तर लोक सेक्टरचा आकडा सांगत, आणि त्या सेक्टरात जाऊन बघावं तर अर्धी बांधलेली एक बिल्डिंग आणि चार म्हशी. मी मराठवाड्यातल्या सपाट काळ्या रानात वाढलेली. डोंगर, खाडी, आगरी लोकांची बोली, सोसायटीच्या मीटिंगा, सगळंच नवीन. मला एकंदरीत काही कळत नसे, आणि कळत नाही हे कबूल करायचा माझा स्वभाव नव्हता. अजूनही नाही.

मावशी तिथल्याच गावची. तिच्या सासऱ्याचं भाताचं शेत आमच्या ऑफिसखाली गेलं होतं. हे ती रडून सांगत नसे. "पाय वर घे, तुझ्या टेबलाखाली आमची रोपं लागायची," असं म्हणे आणि माझ्या खुर्चीखालचा केर काढे. ऑफिसच्या मागचा डोंगर तिला तळहातासारखा ठाऊक होता. लाकडं, करवंदं, गवत, सगळं तिने लहानपणापासून तिथूनच आणलेलं. त्यामुळे कोणा साहेबाचे पाहुणे आले आणि त्यांना वानरांची टोळी बघायची हौस आली की रविवारी सकाळी मावशीला बोलावणं जाई. ती त्याचे पैसे घेत नसे. उलट शिव्या देत असे.

डोंगराच्या पायथ्याशी एक सपाट खडक होता. तिथे ती आम्हाला शाळेतल्या पोरांसारखं उभं करी. सहाच्या वर माणूस नेत नसे. सातवा कितीही मोठा साहेब असला तरी त्याला खडकावर बसवून जाई. मग खिसे तपासणं. शेंगदाणे, बिस्किटं, संत्र्याची फोड, काही सापडलं की ते खडकाखालच्या भोकात ठेवून वर दगड. कोणाला सर्दी-खोकला असेल तर तो तिथेच राहिला. वर गेल्यावर मोठ्याने बोलायचं नाही, बोट दाखवायचं नाही, थुंकायचं नाही, आई आणि पिल्लू यांच्या मधून जायचं नाही. आणि वानर आपणहून जवळ आलंच तर खाली बसायचं, त्याच्याकडे पाठ करायची आणि हाताला लागेल ते पान खुडत राहायचं.

"पाठ कशाला?" मी एकदा विचारलं. "इतकं वर चढून यायचं ते बघायला, आणि जवळ आलं की पाठ करायची?"

"त्याला बघाचं असतं तुला. त्याला बघू दे."

हे एक कारण. दुसऱ्या वेळी विचारलं तर म्हणाली, डोंगरावरची आई, म्हणजे तिथली देवी, बघते कोण कसं बसतंय. तिसऱ्या वेळी म्हणाली, डोळ्यांत डोळा घातला की वानर भांडायला येतं. खोकल्याचंही तसंच. आधी म्हणाली, आईला खोकलेला माणूस चालत नाही. मग एका दुपारी चहाचे कप विसळताना आपणहून सांगितलं, की एक वर्षी खालच्या वस्तीत खोकल्याची साथ होती, लोक पिकनिकला म्हणून वर गेले, आणि पुढच्या पंधरवड्यात झाडाखाली तीन पिल्लं मेलेली मिळाली. "आपलाच खोकला लागला त्यांना," ती म्हणाली. मला यातलं खरं कुठलं, रीत कुठली आणि मावशीच्या मनाचं कुठलं, ते काही उलगडेना. ऑफिसातली शिकलेली माणसं याला अडाणीपणा म्हणत आणि तिच्यामागून मुकाट चढत. मीही त्यातलीच.

त्याच वर्षी माझ्या नावावर एक लहानसं घर लागलं, डोंगराच्या बाजूच्या सोसायटीत, तिसऱ्या मजल्यावर. आणि मी दादांना घेऊन आले.

दादा म्हणजे माझे वडील. आमच्याकडे वडलांना दादाच म्हणत. गावच्या शाळेत शिपाई म्हणून त्यांनी तीसेक वर्षं काढली होती. झाडणं, पाणी भरणं, टपाल आणणं हे सगळं होतंच, पण त्यांच्या लेखी त्यांचं काम एकच, घंटा देणं. साडेदहाला पहिली घंटा. ती त्यांनी कधी चुकवली नाही. आई गेली त्या दिवशीसुद्धा ते घंटा देऊन मग घरी आले होते, आणि यावरून मी त्यांच्याशी वर्षभर नीट बोलले नव्हते. ते रिटायर झाले आणि गावच्या घरात एकटे राहिले, तेव्हा मीच हट्ट धरला की इकडे या. लेकीच्या घरी राहायचं त्यांच्या जिवावर आलं होतं. आले ते वळकटी, धोतराची दोन पानं आणि एक पितळी चमचा घेऊन, आणि महिनाभर माझ्या घरात पाहुण्यासारखे वावरले. पाणी प्यायलासुद्धा विचारून उठायचे.

मी सकाळी ऑफिसला जाई ती संध्याकाळी येई. दिवसभर ते गॅलरीत. खाली ओळखीचं कोणी नाही, बिल्डिंगमधल्या पुरुषांना वेळ नाही, बायकांशी बोलायचा यांना संकोच. एकदा मी विचारलं, "दादा, दिवसभर काय करता?" तर म्हणाले, "काही नाही बाई. खदानीतला सुरुंग किती वाजता उडतोय ते बघायलोय. कालच्यापेक्षा आज पाच मिनिटं उशीर केला त्यानं."  मी माणूस सोबतीला आणला होता की कोंडायला, हेच मला समजेना.

मग एके दिवशी घरात शिरते तर दादा खुशीत. गॅलरीत वानर आलं होतं म्हणाले. एकटंच, नर, शेपूट अर्धी तुटलेली. कठड्यावर बसलं, यांनी भाकरीचा तुकडा ठेवला, त्याने तो खाल्ला, आणि जाताना वळून पाहिलं.

"वळून पाहिलं," हे त्यांनी मला तीनदा सांगितलं.

मला मावशीचे नियम पाठ होते. खाऊ घालायचं नाही, हे मला त्या क्षणी तोंडून काढायला हवं होतं. पण आल्यापासून पहिल्यांदा तो माणूस न विचारता उठून पाणी प्यायला होता. मी काही बोलले नाही. शेजारच्या काकूंनी तर हातच जोडले. शनिवार होता त्या दिवशी, म्हणजे साक्षात मारुतीच आला म्हणाल्या. आमच्या घरात शनिवार नाही आणि मारुतीही नाही. आम्ही बुद्धवंदना म्हणणारी माणसं. दादा मला आत येऊन हळूच म्हणाले, "देव कसला गं. भुकेला हाय लेकरू." पण काकूंची गूळ-चण्याची वाटी त्यांनी ठेवून घेतली.

दुसऱ्या आठवड्यात दादांनी त्याला वेळ लावली. साडेदहा वाजले की ते गॅलरीत स्टीलचं ताट धरायचे आणि पितळी चमच्याने त्यावर ठोके द्यायचे. आधी दोन, मग थांबून सलग. शाळेची पहिली घंटा जशी असते तशी हुबेहूब. आणि समोरच्या सावरीच्या झाडावरून तुटक्या शेपटीचा उड्या मारत हजर. एका सुट्टीच्या दिवशी मी हे डोळ्यांनी पाहिलं. दादांची मान ताठ झाली होती. इतक्या वर्षांत शाळेच्या अंगणात त्यांना मी असंच पाहत आले होते, आणि इथे आल्यापासून तो माणूस मला दिसलाच नव्हता.

मी मावशीला सांगितलं. कौतुकाने सांगितलं, हे मी कबूल करते. मावशीने झाडू भिंतीला टेकवला.

"टोळीतना काढलेला बाप्या हाय तो," ती म्हणाली. "वरच्या कड्यावर असल्याच बाप्यांची टोळी हाय. त्यांच्यात जावाचा होता. तुझ्या बापानं आडवला."

"आडवला काय? तो आपणहून येतो."

"तुझा बाप वाजवतो, म्हनून येतो. उद्या कोनी पन वाजवंल."

तिचं म्हणणं मला फारच लागलं. माझ्या बापाला बोललेलं मी सहन करत नाही. मी दोन दिवस तिच्या हातचा चहा घेतला नाही. आणि तिसऱ्या दिवशी तिने म्हटलं होतं तेच झालं.

भांडी कुठल्या घरात वाजत नाहीत? त्या वानराने एवढंच शिकून ठेवलं होतं की धातू वाजला म्हणजे खायला आहे. आमच्या खालच्या मजल्यावर एक बाई मोरीत ताटं घासत होती. खिडकी उघडी. तुटक्या शेपटीचा आत उतरला आणि ओट्यावर बसला. ती वळली, समोर हे धूड, तिने किंचाळून ताट फेकलं. त्याने दात विचकले, तिच्या हाताला ओरखडा काढला आणि डाळीचा डबा लवंडून निघून गेला. संध्याकाळी जिन्यात मीटिंग. ज्या काकूंनी शनिवारी हात जोडले होते त्याच म्हणाल्या, असली ब्याद पोराबाळांच्या बिल्डिंगीत नको. सोसायटीच्या सेक्रेटरींनी जाहीर केलं की पुन्हा एकदा जरी तो खाली दिसला तरी पिंजरावाल्यांना बोलवायचं. पकडून नेतात कुठे, असं मी विचारलं. एकजण म्हणाला, लांबच्या जंगलात सोडतात. दुसरा म्हणाला, सोडतात कसले. मग सगळे आपापल्या घरी गेले.

दादा दाराआड उभे राहून ऐकत होते. रात्रीच्या जेवणाला ते बसले नाहीत. मला म्हणाले, "माझ्यामुळं झालं का गं हे?" मी म्हटलं, "नाही." मग म्हटलं, "हो." मग मलाच काय म्हणायचं होतं ते विसरले.

दुसऱ्या दिवशी मावशीलाच शरण गेले. ती टोचून बोलली नाही, हे तिचे उपकार. म्हणाली, तीन आठवडे कोणी काही टाकायचं नाही, वाजवायचं नाही, गॅलरीत उभंसुद्धा राहायचं नाही. उपाशी राहील, आशेने येईल, मग कंटाळेल आणि वर कड्यावर त्याच्या माणसांत जाईल. गेला तर सुटला.

ते तीन आठवडे मी विसरलेले नाही. गॅलरीचं दार लावलेलं. दादा आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडलेले. पहिले आठ दिवस साडेदहाला तो कठड्यावर यायचा म्हणे. दाराला हात लावायचा. दादा संध्याकाळी मला त्याचा हिशेब सांगत नसत. मीच विचारलं तर "आलता" एवढंच. नवव्या दिवसापासून "नाही आला." ते ऐकून मला बरं वाटायचं आणि बरं वाटल्याची शरम वाटायची. मी एका जनावराला सोडवत होते की एका म्हाताऱ्या माणसाचा एकुलता एक सोबती तोडत होते? दोन्ही एकदमच करत होते, आणि दोन्हींची बेरीज मला जमत नव्हती.

तीन आठवडे संपले तेव्हा दादा म्हणाले, "मला एकदा वर घेऊन चल. तुमची मावशी नेती ना लोकांना. लांबून बघतो, आपल्या टोळीत घुसला का नाही."

मावशी लगेच हो म्हणाली नाही. दादांना तिने ऑफिसात बोलावून घेतलं, खुर्चीवर बसवलं आणि खोकून दाखवा म्हणाली. ते खोकले. कोरडा, म्हातारपणाचा आहे की सर्दीचा, हे तिने कान देऊन ऐकलं. डॉक्टर काय ऐकेल! मग म्हणाली, "या रविवारी. तुमी दोघं आनि मी. दुसरा कोनी नको."

माघ संपत आला होता. सावरी नुसत्या लाल झाल्या होत्या, पान एक नाही. सपाट खडकाशी मावशीने नेहमीप्रमाणे झडती घेतली. माझ्या पर्समधली लिमलेटची गोळी गेली. दादांच्या सदऱ्याच्या खिशात काही नव्हतं. बंडीच्या आतल्या खिशात पितळी चमचा होता.

मावशीने तो हातात धरून उलटसुलट केला. "यो कशाला?"

दादा खाली बघत म्हणाले, "वाजवनार नव्हतो. नुसता आनला."

मला वाटलं, आता ही त्यांना खडकावर बसवून मला एकटीला नेणार. तिने तसं केलं नाही. चमचा आपल्या कमरेला खोचला आणि चढायला लागली. दादा तिच्यामागे, त्यांच्यामागे मी. सपाट रानातला माणूस, पण एकदासुद्धा थांबला नाही. मीच धापा टाकत होते.

वरच्या कड्याखाली एक उघडा माळ आहे. तिथे मावशीने आम्हाला थांबवलं. कड्यावर सात-आठ नर बसले होते, शेपट्या खाली सोडून. इतक्या लांबून कोणाची शेपूट केवढी ते दिसत नव्हतं. दादांची नजर तर त्याहून अधू. ते डोळ्यांवर हात धरून बघत राहिले. मग त्यातला एक उतरला. खडकावरून खडकावर, घाई न करता, सरळ आमच्याकडे.

"बसा," मावशी म्हणाली. "पाठ करा."

आम्ही बसलो. दादा तिच्या शेजारी, कड्याकडे पाठ करून, दरीकडे तोंड. मी जरा बाजूला. मावशीने गवत खुडायला सुरुवात केली, मीही केली. दादांचे हात मांडीवर होते, त्यांनाही मग आठवण झाली आणि ते एका वाळक्या काटकीची साल काढू लागले. मागे पाचोळा वाजला. थांबला. पुन्हा वाजला.

मी नियम मोडला. मान थोडी वळवली. दादांच्या मागे, त्यांचा हात मागे नेला असता तर लागला असता एवढ्या अंतरावर, तुटक्या शेपटीचा बसला होता. काहीही करत नव्हता. बसला होता. दादांची पाठ ताठ होती, घंटेच्या वेळी असायची तशी. हातातली काटकी थांबली होती. ते वळतील असं मला वाटलं. हाक मारतील, निदान हात मागे नेतील.  वळले असते तर तो उद्या पुन्हा कठड्यावर आला असता, आणि परवा पिंजऱ्यात.

ते वळले नाहीत. काटकीची साल पुन्हा निघायला लागली. किती वेळ गेला कोणास ठाऊक. मग खालून खदानीतला सुरुंग उडाला, कड्यावर गडबड झाली, आणि मागचा पाचोळा वाजत वाजत वर गेला. मावशी उठली. आम्ही उठलो.

खडकाशी पोचलो. मावशीने दादांना चमचा परत दिला. तो खिशात घालता घालता त्यांनी मला विचारलं, "बाई, आलता का त्योच?"

माझ्या तोंडात "हो" होतं. पण मला गॅलरी दिसली, ताट दिसलं, पिंजरा दिसला. हो म्हटलं तर उद्या साडेदहाला या माणसाचा हात थांबणार नाही असं मला वाटलं.

"नाही," मी म्हटलं. "दुसराच कोणीतरी होता. आखूड शेपटीचा नव्हता."

"बरं झालं," दादा म्हणाले. "सुटला म्हनायचा."

मावशी पुढे चालू लागली. सोमवारी मात्र माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली. "मी सांगतलं बघाचं नाय, बोलवाचं नाय, खायाला द्याचं नाय," ती म्हणाली. "बापाशी खोटं बोल, असं मी कवा सांगतलं?"

मी म्हटलं, तुमच्याच नियमासाठी बोलले. ती म्हणाली, डोंगराचे नियम डोंगरावर. आणि टेबलाखालचा केर न काढताच गेली. मला पुन्हा काही कळेनासं झालं. वानर वाचावं म्हणून सगळं करायचं, आणि तेवढं एक करायचं नाही? मी तिच्यावर चिडले, स्वतःवर चिडले, आणि दिवसभर टायपिंगमध्ये चुका केल्या.

दादा पुढच्या पंधरवड्यात गावी परतले. भांडण नाही, तक्रार नाही. "तिकडं घराला कुणी नाही," म्हणाले. मी फार आग्रह केला नाही. वानर त्यानंतर बिल्डिंगीत आलं नाही, पिंजरा लागला नाही, आणि सगळं कसं बरोबर झालं असं सगळे म्हणत राहिले.

त्या गोष्टीला सहा-सात वर्षं झाली असतील, मी रजेवर गावी गेले होते. दादा फार थकले होते, ऐकायला कमी येत होतं. दुपारी लिंबाच्या झाडाखाली बाजेवर बसून ते पितळी चमच्याने दूध-भाकरी खात होते. मी कशावरून तरी बेलापूरचं बोलत होते. नवीन बिल्डिंगा, डोंगर पोखरला, असलं काहीतरी. मध्येच त्यांनी चमचा ताटात ठेवला.

"त्या दिवशी माझ्या मागं त्योच बसला होता," ते म्हणाले. "मला वास येत होता ना त्याचा. गॅलरीत रोज येत होता तोच वास."

मला तोंड वर करवेना. मी म्हटलं, "मग मला काहून विचारलंत?"

"आला होता का, हे नव्हतं इचारायचं मला. पुढचं इचारायचं होतं. पर तू नाही म्हनलीस, मग कसं इचारावं?"

"काय पुढचं?"

"तीन आठवडे उपाशी ठेवला आपन त्याला. तू बघितलंस ना मान वळवून, मला कळलं." ते माझ्याकडे बघत होते, उत्तराची वाट बघत. "वाळला होता का गं?"

मी आठवायचा खूप प्रयत्न केला. अजून करते. शेपूट आठवते, बसलेला आठवतो, पण अंगाने कसा होता ते काही केल्या डोळ्यांसमोर येत नाही. मी सगळा वेळ दादांच्या पाठीकडेच बघत होते.